निश्चिंतीचा शोध : रेव्हरंड नारायण वामन टिळक

दत्तजयंतीची पालखी विसावते न विसावते तोच नाताळ येतो. आमच्या गोदातीरावर त्या दिवशी पहाटेची पूजा आटोपून परतताना शरणपूरच्या बाजूने एक निराळ्या स्वराचा घंटानाद कानी पडतो. त्या घंटेचे आम्हां नाशिककरांस कधी नवल वाटले नाही. परंतु सणावारी ज्या पानावर आपण रामजन्माचे, एकादशीचे, गुरुचरित्राचे लेख वाचता, त्या पानावर एका हरदासाने ख्रिस्ती उपदेशकाचे आख्यान लावावे, याचे मात्र काही वाचकांस नवल वाटेल. म्हणून आरंभीच सांगतो. आजचे चरित्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे. हा पुरुष आमच्याच नाशकात शास्त्र्यांपुढे मांडी घालून संस्कृत काव्य शिकला. अभंग, ओवी आणि कीर्तन ही आपली तिन्ही वाहने त्याने ख्रिस्ताच्या दारी नेऊन उभी केली. आणि ज्या प्रश्नाने प्रत्येक प्रापंचिकाची झोप उडते, त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्याने आयुष्य वेचले. तो प्रश्न असा : उद्याचे काय?

सुभाषितकारांनी चिता आणि चिंता यांत एका बिंदूचेच अंतर ठेवले आहे. मुलाची फी, मुलीचे लग्न, म्हातारपणीचे औषध, या रांगेला शेवट नाही. देवापुढे निरांजन लावतानाही मनात वाण्याच्या उधारीची वही उघडलेली असते. आपल्या शास्त्रांनी या ओझ्याला योगक्षेम असे सुंदर नाव दिले आणि ते वाहणारा भगवंत आहे असे सांगितले. आपण ते प्रवचनात ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन पुन्हा उधारीची वही काढतो. येशू ख्रिस्ताने गालील प्रांतातील डोंगरावर जो उपदेश केला, त्यातही हाच विषय आहे. अन्नाची आणि वस्त्राची काळजी करणाऱ्या गरीब श्रोत्यांना त्याने आकाशातील पाखरे दाखविली आणि रानातील फुले दाखविली. त्यांचा जो पोशिंदा तोच तुमचाही पिता आहे, असा त्या शिकवणीचा आशय आहे. त्याने शिकविलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती केवळ आजच्यापुरती. साठवणीची मागणी तीत नाही. टिळकांच्या आयुष्याला जे वळण लागले ते याच उपदेशाच्या वाचनाने. पण तो प्रसंग पुढे येईल. आधी माणूस ओळखू.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. आई जानकीबाई भाविक आणि कोमल मनाची. तिच्या मुखातील ओव्यांनी आणि पदांनी त्यांच्या कानाला पहिले वळण दिले. वडील वामनराव करड्या स्वभावाचे. प्रारंभीचे शिक्षण कल्याणला झाले. आईचे छत्र लहानपणीच हरपले, आणि ती पोकळी या माणसाच्या अंतःकरणात अखेरपर्यंत राहिली. पुढे त्यांनी देवाला आळविले ते बहुतेक आई म्हणूनच, हे त्यांच्या अभंगांच्या वाचकांस ठाऊक आहे.

१८७४ ते १८७७ या काळात ते नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत काव्य शिकले. वृत्तांवरील त्यांचे प्रभुत्व तेथले. त्यानंतर दोन वर्षे इंग्रजी शाळेत गेली; पण पोटाची निकड आली आणि अठराव्या वर्षी शिक्षण सोडून त्यांनी शिक्षकी पत्करली. याच सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांना दिली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. महाराष्ट्र तिला 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतो. टिळकांची गोष्ट एकट्या टिळकांची नाही. निम्मी या बाईची आहे, आणि माझ्या मते अवघड निम्मी तिचीच आहे.

कारण टिळकांचा प्रपंच म्हणजे अखंड फिरस्ती. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी भिक्षुकी, परवा छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम. मनात आले की उठावे आणि निघावे; बायकोला पत्ता नाही, घरात दाणे आहेत की नाहीत याची वास्तपुस्त नाही. स्वभाव तापट, पण राग क्षणात विरून डोळ्यांत पाणी येणारा. हाती पैसा आला की तो मुठीत राहत नसे. समोर गरजू दिसला की त्याला द्यावा, नाहीतर मनात भरलेली एखादी वस्तू घेऊन यावी. चूल पेटवायची कशाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा.

येथे एक गल्लत होण्याचा संभव आहे, आणि ती अनेक चरित्रकथनांत होते. असा उधळा माणूस पाहून आपण म्हणतो, काय हा विरक्त पुरुष, याला उद्याची चिंताच नाही! मला ते मान्य नाही. उद्याची चिंता नसणे आणि उद्याची चिंता दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. तरुण टिळक निश्चिंत नव्हते, बेफिकीर होते. खरे तर ते आतून फार अस्वस्थ होते. नोकरीत मन रमेना, गावात रमेना, धर्मविचारात रमेना. पाय घराबाहेर पडत ते त्या अस्वस्थतेपायी. ईश्वरावर भार टाकणे त्यांना अजून साधलेले नव्हते. तोवर तो भार एका अल्पवयीन पत्नीवर पडत होता. बेफिकिरीपासून निश्चिंतीपर्यंतचे अंतर तोडायला त्यांना जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

१८९१ मध्ये नागपुरास त्यांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभला. त्यांच्याच आधाराने 'ऋषि' नावाचे धर्मविषयक मासिक टिळकांनी काही काळ चालविले. त्याच वर्षी पुत्र दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक, यांचा जन्म झाला. संसाराला जरा ठाव लागतो आहे असे वाटू लागले. पण आश्रितपण टिळकांना कधी मानवले नाही. १८९३ मध्ये ते नवी नोकरी पाहण्यासाठी राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने निघाले.

त्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक अमेरिकन मिशनरी होते. दोघांच्या गप्पा संस्कृत काव्यावरून सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना वॉर्डसाहेबांनी टिळकांच्या हाती बायबल दिले. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्यांनी केले, असे टिळकांच्या चरित्रांत आले आहे. टिळकांनी ते हसण्यावारी नेले असावे. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून ग्रंथ वाचावयास घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांना उठवेना.

वाचकहो, विद्वान मनुष्य धर्मांतर करतो तेव्हा आपण त्यामागे तर्क आणि खंडनमंडन शोधतो. टिळकांच्या ठायी तेही होते. हिंदू समाजातील उच्चनीचतेने ते व्यथित होते. पण त्या प्रवचनात कवी टिळकांना पाखरे आणि फुले भेटली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण फुले, मुले आणि पाखरे हेच या कवीचे जन्माचे गोत. 'वनवासी फूल' ही त्यांची कविता याच गोत्रातली. आमच्या पिढीने शाळेत त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता मुखोद्गत केली. जखमी झालेली पक्षीण पडत-उठत घरट्याकडे येते, पिलांसाठी प्राण राखते आणि त्यांच्यापाशीच प्राण सोडते, असा तीत प्रसंग आहे. वर्गात ती म्हणताना कैक मुलांचा आवाज कापत असे. माझाही कापला आहे.

आता या कवितेपुढे तो डोंगरावरचा उपदेश ठेवून पाहावा. पाखरांना पोसणारा पिता आहे, हे खरे. मग त्या पक्षिणीला कोणी राखले? ही शंका माझी एकट्याची नाही, ज्याच्या घरात अकाली मृत्यू झाला आहे त्या प्रत्येकाची आहे. ख्रिस्ताच्या शिकवणीत याचे उत्तर अन्यत्र येते, आणि ते गोडगोड नाही. कवडीमोलाची चिमणी, ती जमिनीवर पडणारच नाही असे तो सांगत नाही. ती पडते, पण पित्याला ठाऊक नसता पडत नाही, एवढेच सांगतो. म्हणजे ईश्वराचे पोषण याचा अर्थ संकटाला मज्जाव असा नव्हे. संकटात तुम्ही कोणाच्या तरी नजरेत आहात, असा त्याचा अर्थ. प्रल्हादाला कड्यावरून लोटले गेलेच ना? लोटलेच जाऊ नये अशी मागणी त्याने केली नव्हती. हा भेद नीट ध्यानी ठेवला तर टिळकांचे पुढील आयुष्य उलगडते. नाहीतर त्यात अपघात आणि आपत्ती यांखेरीज काही दिसत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

या एका ओळीत मावणार नाही एवढे दुःख त्या दिवशी एका घरावर कोसळले. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पदरी लहान मूल. त्या काळी नवरा मेला तर समाजाने नेमून दिलेली वाट तरी होती. नवरा जिवंत असून जातीबाहेर गेला, तर त्या बाईने कुंकू लावावे की पुसावे, हेही कोणी सांगेना. त्या खचल्या. प्रकृती ढासळली. अन्नपाण्यावरची वासना गेली. नातलगांच्या सांत्वनात टोचणी असे आणि शेजाऱ्यांच्या कुजबुजीत कुतूहल. हिंदू घरातला वाचक या ठिकाणी टिळकांवर रागावला तर त्याला मी दोष देणार नाही. मीही रागावतो. ज्या पित्याच्या प्रेमाचा साक्षात्कार टिळकांना झाला होता, त्याच्या नावाने टाकलेल्या पहिल्या पावलाखाली सर्वांत जवळचे माणूस चिरडले जात होते. टिळकांनी ते जाणले नव्हते असे नाही. त्यांची पत्रे येत. परत येण्याविषयी विनवण्या येत. पण त्यांनी तिच्या धर्मावर बळजबरी केली नाही.

साडेचार वर्षे हा विरह चालला. शेवटी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे गेल्या, त्या हिंदू राहूनच. नगर जिल्ह्यात त्यांनी आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवले. सोवळ्याच्या अतिरेकात वाढलेली ही बाई. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन तिने पुढे असे काही केले आहे की वाचताना हसावे की रडावे कळत नाही. परंतु एकाच छपराखाली दोन पाणवठे ठेवून राहताना तिच्या मनात एक साधा प्रश्न उठला. माणसांत ही उंचनीच देवाने केली की माणसाने? टिळकांच्या व्याख्यानाने तो उठला नाही, पाद्र्याच्या उपदेशानेही नाही. ती स्वतःच त्याच्याशी झुंजली आणि स्वतःच निर्णयाला आली. मग जात सुटली, विटाळ सुटला. १९०० मध्ये तिचाही बाप्तिस्मा झाला. तिच्या श्रद्धेचे हे वैशिष्ट्य मला नमस्कारयोग्य वाटते : तिने नवऱ्याचा देव उसना घेतला नाही.

तोवर महाराष्ट्रावर १८९९-१९०० चा दुष्काळ कोसळला होता. नगरच्या बाजूस त्याची झळ भयंकर होती. मिशनच्या आवारांत अनाथ मुलांचे तांडे येऊ लागले. आपलेच पोट कसे भरावे याची विवंचना असलेल्या टिळकांच्या घरात दुसऱ्यांची मुले वाढू लागली. पाठोपाठ प्लेग. रोग्याजवळ सख्खे नातेवाईक जात नसत, तेथे लक्ष्मीबाई शुश्रूषेला उभ्या राहिल्या. येथे मला त्यांच्या संसारात एक पालट दिसतो. पूर्वी टिळक देत आणि ती मोजत असे. आता दोघेही देऊ लागली होती, आणि मोजणे पुरते थांबले नव्हते तरी त्याची धास्ती गेली होती. दुसऱ्याच्या लेकराला घास भरविताना आपल्या उद्याचे भय कसे कमी होते, हे अर्थशास्त्राला न सुटलेले कोडे आहे. पण आपल्या घरातल्या आज्यांना ते पाठ होते. पाहुणा आला म्हणून भाताचे आधण वाढविताना त्यांनी कधी डब्यात डोकावून पाहिले नाही.

अमेरिकन मराठी मिशनच्या नगर येथील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातील, धर्मशाळेत टिळक शिकवीत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादक झाले आणि अखेरपर्यंत राहिले. त्यांच्या घराचा दरवाजा साहित्यिकांना सदैव उघडा असे. बालकवी ठोंबरे त्या घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंच्या मायेने न्हाले. घरात पैसा बेताचाच होता. तरी येणाऱ्याच्या ताटात काही कमी पडले अशी तक्रार त्या घराविषयी कोणी केलेली माझ्या वाचनात नाही.

आता माझ्या व्यवसायाची गोष्ट. ख्रिस्ती मंदिरांत तोवर बहुतांशी विलायती चालींवर बेतलेली गीते म्हणत. मराठी शब्द त्या चालींत अवघडून बसत. टिळकांनी तुकोबा-ज्ञानोबांचे वळण घेतले. शेकडो पदे, भजने, अभंग रचले. 'अभंगांजलि' हे त्यांतले प्रसिद्ध पुस्तक. आजही महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळी उपासनेत ही पदे गातात. टाळ, मृदंग, कथा, निरूपण अशा थाटाचे कीर्तनही त्यांनी ख्रिस्तकथेसाठी योजिले. ते उघड सांगत असत की आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. आमच्या बाजूच्या काहींना हे ऐकून राग येतो, त्यांच्या बाजूच्या काहींनाही पूर्वी येत असे. मला मात्र देहूचा तो वाणी आठवतो. त्याने कर्जखते इंद्रायणीत बुडविली आणि निश्चिंत झाला. त्याच्याही घरी जिजाई होती, आणि तिच्याही वाट्याला चूलच आली होती.

टिळकांच्या मनात मात्र एक शल्य सलत राहिले. ईश्वर पोशिंदा आहे असे ते व्यासपीठावरून सांगत, आणि महिनाअखेर मिशनचा पगार घेत. पगारात पाप नाही. कष्टाचा पैसा तो. पण श्रोत्याला दिसे ते असे की साहेबाच्या तिजोरीवर जगणारा हा माणूस देवाच्या भरवशाची महती गातो. शिवाय टिळक कट्टर देशाभिमानी होते. भारतातील ख्रिस्ती समाज परकीय मदतीच्या टेकूवर उभा असावा, हे त्यांना लाजिरवाणे वाटे. ख्रिस्ताने शिष्यांना गावोगाव पाठविले ते झोळी आणि कनवटीचा पैसा यांवाचून. ती आज्ञा आणि आपल्याकडील संन्यासधर्म यांत त्यांना अंतर दिसेना.

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पुढे पेन्शन नाही, ठेव नाही. ज्या वयात आपण भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मांडतो त्या वयात त्यांनी भविष्याचा निर्वाह ज्याचा त्याच्यावर सोपविला. साताऱ्यास बिऱ्हाड नेले आणि ख्रिस्ती संन्याशाचे व्रत धरले. हा संन्यास घर टाकून नव्हे, घरासह होता. 'देवाचा दरबार' असे नाव देऊन त्यांनी तेथे एक बंधुमंडळ आरंभिले. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जसे स्थान होते तसे न झालेल्यांनाही होते. ख्रिस्तावर प्रेम एवढीच अट. कोणी कोणत्या समाजात जेवतो, कोणाच्या नावाने दाखला आहे, हे त्या दरबारात विचारले जाणार नव्हते.

बाहेरून पाहता हे तरुणपणीच्या वागण्याचेच पुनरावर्तन दिसेल. तेव्हाही नोकरी सोडली, आताही सोडली. पण तेव्हा पाठीमागे अस्वस्थता होती, आता समाधान होते. तेव्हा ते कोणास न सांगता निघून जात. आता पत्नी सोबत होती. ती चौपन्न खेड्यांचे पाणी प्यालेली, विनोदाने संकट पेलणारी बाई. टिळकांच्या विक्षिप्तपणाला ती हसे, त्यांच्याशी भांडे, आणि त्यांच्या बरोबरीने चाले. तिच्या आठवणींत हे सारे दिवस येतात. त्यांत कुरबूर आहे, थट्टा आहे, क्वचित चीड आहे. पण आपली फसगत झाली असा सूर नाही. माणसाला समाधान लाभले की नाही हे त्याच्या प्रवचनावरून ओळखू नये, त्याच्या बायकोच्या आठवणींवरून ओळखावे, असे मी तरुण कीर्तनकारांना नेहमी सांगतो. ते हसतात, पण घरी जाऊन विचारात पडत असतील.

या ठिकाणी स्वतःविषयी दोन शब्द लिहितो, ते क्षमा असावी. हरदासाचे जिणे बिदागीवर. २०२० च्या मार्चमध्ये देवळांची दारे मिटली आणि पुढचे कितीतरी महिने कोणत्याही गावाहून कीर्तनाचे बोलावणे आले नाही. ना चैत्रातला उत्सव, ना चातुर्मास. आयुष्यभर लोकांना सांगितले की भार देवावर टाका, आणि त्या उन्हाळ्यात मी रात्री उठून पेटीतल्या नोटा मोजीत होतो. तेव्हा घरात 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती आले. दुष्काळ, प्लेग, बेकारी यांतून वाट काढणारी ती दोन माणसे वाचताना माझी चिंता मिटली असे म्हणणार नाही. मोजणे मात्र थांबले. कारण मोजून त्या वाढत नव्हत्या. आमच्या सौभाग्यवतीने एवढेच केले की शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याचा डबा आपल्या घरून सुरू केला. तो आजही चालू आहे.

साताऱ्याचा दरबार फार दिवस चालण्याचे टिळकांच्या नशिबी नव्हते. मे १९१८ मध्ये बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले. पुढच्या वर्षी टिळकांचीच प्रकृती बिघडली. मुंबईस जे. जे. रुग्णालयात त्यांना हलविले, आणि ९ मे १९१९ रोजी तेथे त्यांचे देहावसान झाले. संन्यास पुरता दोन वर्षेही घडला नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला ख्रिस्ती रीतीने पुरले नाही, तर दहन केले, आणि अस्थी नगरास नेल्या. इस्टेट म्हणण्याजोगे काही मागे नव्हते. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतले होते, तेही अपुरे राहिले. दहा अध्याय झाले होते.

ते दहा अध्याय लक्ष्मीबाईंच्या पुढ्यात होते. या बाईचे शिक्षण म्हणजे टिळकांनी घरी गिरवून घेतलेली अक्षरे. वृत्त, अलंकार, व्याकरण यांचा शास्त्रोक्त अभ्यास नाही. वय पन्नाशीच्या पुढे. संसाराची घडी मोडलेली. कराचीला मुलाकडे राहावे लागले, तेथून पुन्हा इकडे. पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३४ पासून ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्रांत तिने मानाचे पान मिळविले, ते आजवर तिच्याचकडे आहे. पण त्याहून मला मोठे वाटते ते दुसरे काम. नवरा जेथे थांबला होता तेथून तिने ओवी उचलली. अकरावा अध्याय लिहिला, बारावा लिहिला. असे चौसष्ट अध्याय लिहिले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून बाहेर पडले ते १९३८ साली. दोघांपैकी कोणीही ते पुस्तक हाती घेऊन पाहिले नाही.